सरवा, मूठ आणि उधारीची वही

फिनिक्स म्हटलं की लोअर परळ स्टेशनात उतरणाऱ्या आजच्या माणसाला मॉल आठवतो. त्याच्या आधीच्या पिढीला त्याच आवारातली गिरणी आठवते, 1905 साली सुरू झालेली. पण फिनिक्स नावाचं एक शहरही आहे, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात. आणि आज सगळं जग ज्याला 'फूड बँक' म्हणतं, ती त्या शहरात 1967 साली सुरू झाली.

गोष्ट साधी आहे. जॉन व्हॅन हेंगेल नावाचा एक गृहस्थ तिथल्या गरिबांसाठीच्या अन्नछत्रात स्वयंसेवक म्हणून राबत होता. वाळवंटी हवेचं शहर, पण घराघराच्या अंगणात संत्र्याची आणि ग्रेपफ्रूटची झाडं. हंगामात फळं इतकी लागायची की घरच्यांना खाऊन संपत नसत, शेजाऱ्यांकडेही तीच झाडं, त्यामुळे वाटायचीही सोय नाही. फळं खाली पडून सडायची. व्हॅन हेंगेल आणि त्याच्यासारखे काही जण लोकांना विचारून ती फळं उतरवू लागले. माल इतका जमला की अन्नछत्राला पुरून उरला. पुढे त्याची गाठ एका बाईशी पडली. पदरात बरीच मुलं, आणि ती दुकानाबाहेर टाकून दिलेल्या मालातून घर चालवत होती. तिने म्हटलं, अन्नाची पण बँक पाहिजे, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावं, ज्याला लागेल त्याने काढावं. सेंट मेरीज चर्चने एक रिकामी इमारत आणि थोडे पैसे दिले आणि बँक उघडली. पुढे देशभर अशा बँकांचं जाळं झालं तेव्हा त्याला नाव पडलं 'सेकंड हार्वेस्ट', म्हणजे दुसरी सुगी. आज तीच संस्था 'फीडिंग अमेरिका' म्हणून ओळखली जाते.

मी लोअर परळमध्ये नोकरी करतो, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. कोड लिहिणं हे माझं काम. आमच्याकडे दुपारी तीनच्या सुमारास पॅन्ट्रीत उरलेल्या अन्नाचे फोटो एका ग्रुपवर पडतात आणि कोणीतरी स्वयंसेवक ते न्यायला येतो. हे पाहत असताना मला वाटायचं की ही सगळी कल्पना बाहेरून आलेली आहे, एका फिनिक्समधून दुसऱ्या फिनिक्समध्ये. मग थोडं वाचलं आणि लक्षात आलं की लोअर परळ या बाबतीत फार जुनं आहे. इथे अन्न गोळा करणं आणि वाटणं शंभर वर्षांपूर्वीही चालू होतं. फक्त तेव्हा जे गोळा व्हायचं, ते उरलेलं नसायचं.

झाडं नावांत उरली

अंगणातली फळं म्हणाल तर लोअर परळला अंगणच नाही. झाडं उरलीत ती नावांत. एक स्टेशन पलीकडे चिंचपोकळी, तिच्या नावात चिंच आहे. गिरगावाकडे गेलात तर फणसवाडी. वडाळ्याच्या नावात वड. खुद्द परळ हे नाव पाडळ या झाडावरून पडलं असं एक मत आहे. माझगावचे आंबे तर इतके प्रसिद्ध होते की टॉमस मूर या आयरिश कवीने 1817 साली छापलेल्या 'लल्ला रूख'मध्ये त्यांचा उल्लेख आहे, आणि हा माणूस कधी हिंदुस्थानात आलाही नव्हता.

1850च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी इथल्या वाड्या आणि मोकळ्या जागा गिरण्यांनी आणि चाळींनी भरल्या. आंबा-फणस आता मे महिन्यात एस.टी.ने गावाहून यायचा, रायवळ आंब्याची पेटी, एखादा कापा फणस, कोकमं. गावी परसू होतं, इथे दहा बाय बाराची खोली. त्या खोलीतही एकाच गावचे पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकायचा. अशा माणसाकडे वरकड काय असणार?

सरवा

तरी त्याला शब्द माहीत होता. सरवा. पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसं, शेंगा, दाणे मागे राहतात तो सरवा. भुईमूग उपटून झाला की बाया-पोरं त्या रानात शिरतात, मातीत राहिलेल्या शेंगा वेचतात. मालकाने हाकलायचं नाही अशी रीत. घाटावरून किंवा कोकणातून मुंबईला आलेल्या कामगारांपैकी कितीतरी जण लहानपणी सरवा वेचलेले असणार.

ही रीत जगभर आहे. ज्यूंच्या आणि ख्रिश्चनांच्या धर्मग्रंथात शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेलं उचलू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. फ्रान्समध्ये 1554 सालच्या राजाज्ञेने गरिबांना सरवा वेचायची मुभा दिली. मिले या चित्रकाराने 1857 साली सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या, वाकलेल्या, पाठ मोडलेल्या, तेव्हा पॅरिसमधल्या सुखवस्तू लोकांना ते चित्र आवडलं नव्हतं.

इंग्लंडमध्ये मात्र गाडं अडलं. तिथे गावागावांत सरव्याची घंटा असायची. सकाळी घंटा झाली की वेचायला लागायचं, संध्याकाळी झाली की थांबायचं, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना सारखी संधी मिळावी. मग 1788 साली सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईवर एका जमीनमालकाने खटला भरला, की ती माझ्या शेतात विनापरवानगी शिरली. न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचणं हा कायद्याने कोणाचाही हक्क नाही. मालकाने दिलं तर ती मेहरबानी. रीत काही गावांत पुढेही चालू राहिली, पण निकालाने एक गोष्ट कागदावर आणली: उरलेलंसुद्धा मालकाचंच.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा वाद त्यात आहे. जे उरलंय ते हक्काचं की मेहरबानीचं?

उरलेलं, शिळं, उष्टं

मराठीत या वादाला आणखी एक पदर आहे. इंग्रजीत ज्याला एकच शब्द चालतो त्याला आपल्याकडे तीन आहेत. उरलेलं म्हणजे पातेल्यातलं, कोणी हात न लावलेलं. शिळं म्हणजे कालचं. उष्टं म्हणजे कोणाच्या तरी ताटातलं. या तीन शब्दांच्या मध्ये जात उभी आहे. गावगाड्यात काही माणसांच्या वाट्याला कामाचा मोबदला म्हणून शिळी भाकर यायची, आणि ती घरोघर जाऊन मागून आणायची. त्यालाही हक्क म्हणायचे, पण घेताना मान खाली घालायला लागायची.

1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की हे सोडा. शिळे-उष्टे तुकडे मागणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. त्या काळी आंबेडकर परळलाच राहत होते, बी.आय.टी. चाळीत. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम परळच्या दामोदर हॉलमधून चालायचं. म्हणजे ज्या भागात आज आपण उरलेल्या अन्नाचे डबे भरून पाठवतो, त्याच भागात उरलेलं घेण्याविरुद्धची सगळ्यात मोठी लढाई आखली गेली.

स्वयंसेवकांच्या गटांमध्ये एक नियम हल्ली सगळीकडे दिसतो: ताटातलं घ्यायचं नाही, फक्त भांड्यातलं घ्यायचं. अन्नाच्या सुरक्षिततेसाठी तो आहेच. 2019 सालच्या केंद्रीय नियमांतही वरकड अन्न कसं ठेवायचं, कसं न्यायचं, नोंदी कशा ठेवायच्या हे सांगितलंय. पण आपल्याकडे या नियमाचं मूळ जंतूंच्या पलीकडे जातं. घेणारा माणूस उरलेलं घेईल, उष्टं घेणार नाही. त्याने नाही म्हणायचा तो अधिकार कोणीतरी लढून मिळवलाय.

1928: धान्य आणि धाक

आता लोअर परळच्या रस्त्यावर येऊ. स्टेशनच्या पूर्वेला ना. म. जोशी मार्ग आहे, जुन्या माणसांच्या तोंडी अजून डिलाईल रोड. रोज हजारो लोक या रस्त्यावरून ऑफिसला जातात. नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजातले, 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि 1920 साली आयटकच्या स्थापनेत असलेले मवाळ कामगारनेते.

एप्रिल 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत संप झाला. कारण होतं कमी माणसांत जास्त माग चालवायची मालकांची योजना. मालक त्याला कार्यक्षमता म्हणत होते, कामगारांना त्यात नोकऱ्या जाताना दिसत होत्या. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, बाहेर राहिले. संप चालवायला संयुक्त समिती झाली. तिच्यात एकीकडे मवाळ जोशी आणि दुसरीकडे नव्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे श्रीपाद अमृत डांगे.

सहा महिने पगार नाही म्हणजे काय, हे समजून घ्यायला एवढं पुरे की गिरणीत पगार महिन्याचा महिन्याला आणि तोही उशिरा व्हायचा. घरात साठा नाहीच. हजारो कामगार गावी निघून गेले, कारण पावसाळ्यात शेतावर निदान हाताला काम आणि पोटाला भाकर होती. जे मागे राहिले त्यांच्यासाठी संप समितीने निधी गोळा केला आणि धान्य वाटलं. मदत दुसऱ्या धंद्यांतल्या कामगारांकडून आली, शहरातल्या सहानुभूतीदारांकडून आली, आणि थेट सोव्हिएत रशियाच्या कामगार संघटनांकडूनही पैसे आले. या रशियन पैशांनी सरकारची झोप उडाली. तांदूळ-डाळीसाठी आलेला पैसा सरकारला बंदुकीसाठी आल्यासारखा वाटत होता. मार्च 1929 मध्ये डांगे आणि इतर पुढाऱ्यांना पकडून मीरतच्या कटाच्या खटल्यात उभं केलं गेलं.

आज कोणी वडापाव वाटला तर त्याचा फोटो येतो. 1928 साली संपकऱ्याला धान्य देणं हे सरकारला घाबरवणारं काम होतं. फरक अन्नात नाही. घेणारा माणूस उपाशी असण्याबरोबरच अडून बसलेला होता, आणि पोटाला मिळालं तर आणखी महिनाभर अडून बसणार होता, हा तो फरक.

पण याच संपात एक भेगही दिसते. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि दुसऱ्याने तोंड लावलेल्या धोट्याला तोंड लावायचं नाही, हे कारण. पुन्हा उष्टंच. आंबेडकरांनी संपनेत्यांपुढे हा प्रश्न ठेवला की सगळ्यांच्या हक्कांसाठी लढताना या हक्काचं काय? एका रांगेत धान्य घेणारे दोन कामगार कारखान्यात एका मागावर उभे राहू शकत नव्हते, ही गोष्ट अन्नवाटपाच्या कोणत्याही उजळ कहाणीशेजारी लिहून ठेवली पाहिजे.

मूठ

याच वर्षांत गिरणगावातले कितीतरी कामगार ज्या साताऱ्याकडून आले होते, तिथे दुसरा प्रयोग चालू होता. भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. खर्चाला पैसा नव्हता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने या मुलांच्या पोटासाठी विकले, मंगळसूत्रही ठेवलं नाही.

आणि त्यांनी मुष्टिफंड उभा केला. गावच्या घरोघरी बाईने दळताना किंवा रांधताना एक मूठ धान्य वेगळं काढून ठेवायचं, मुलांनी ते गोळा करून आणायचं.

ही मूठ मला फार विचार करायला लावते. अंगणातली संत्री वरकड होती, पडून सडणार होती. सरवाही वरकड. मूठ मात्र जेवणाच्या आधी काढलेली आहे. ती काढणाऱ्या घरात धान्य जास्त होतं म्हणून ती काढली गेली नाही, बऱ्याच घरांत तर ते कमीच असणार. ती काढताना बाई एक हिशोब करत होती, की आपल्या सहा माणसांच्या घरात हे परकं पोर सातवं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिस्कवर जागा उरली तर बॅकअप घेऊ म्हणणं आणि बॅकअपची जागा आधीच बाजूला काढणं, यात जो फरक आहे तो. पहिल्या पद्धतीत बॅकअप कधीच होत नाही.

मूठ देणारा आणि घेणारा यांच्यात अंतरही कमी राहतं. ज्या घराने मूठ दिली त्याच घरातला मुलगा उद्या त्या वसतिगृहात जाऊ शकत होता.

उधारीची वही

गिरणगावात ही मूठ वेगळ्या रूपात होती. गावाहून एकटा आलेला कामगार जेवायचा खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतल्याच एखाद्या बाईची खोली, दोन चुली किंवा स्टोव्ह, आणि दहा-वीस मेंबर. नवरा आजारी असलेली, गिरणीतून कमी झालेली किंवा नवऱ्याचा पगार पुरत नसलेली बाई खानावळ चालवायची. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे डबे आणि ताटं. पैसे महिनाअखेरी, गिरणीचा पगार झाल्यावर.

म्हणजे महिनाभर ती बाई सगळ्यांना उधार जेवू घालत होती. स्वतः ती वाण्याकडून उधार माल आणायची. वाणी उधारीवर भाव चढा लावायचा, आणि नड आली की सावकार होताच. या साखळीत सगळ्यात खाली असलेल्या माणसाच्या वहीवर सगळ्या उद्योगाचं पोट चाललेलं होतं. जगातल्या कोणत्याही फूड बँकेच्या आधी गिरणगावात ही बँक उघडी होती. तिच्या खातेदाराला जामीन लागत नव्हता आणि बँकवालीकडे भांडवल नव्हतं.

संप झाला की काय व्हायचं? पगार थांबायचा, भूक थांबायची नाही. मेंबरला दाराशी उभं ठेवून 'आधी पैसे' म्हणणं बहुतेकींना जमलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या संपात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. भांडी, डोरली गहाण पडली. युनियनच्या कामात असलेल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या या बाईंना एक गोष्ट खटकली: संपाच्या इतिहासात पुढारी आहेत, कामगार आहेत, गोळीबार आहे, पण ज्यांनी संप जेवू घातला त्या कुठेच नाहीत.

1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिल्यांदा चौदा खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 साली झालं होतं, गरिबांना कर्ज द्या असा वरून आदेश होता, पण तारण नसलेल्या बाईला काऊंटरवर कोण उभं करणार? प्रेमाताईंचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले मोठे नेते होते, त्या ओळखीचा उपयोग झाला असणार. पण बायकांनी कर्ज फेडलं ते आपल्या हिमतीवर. सावकाराचं ओझं हललं, मंडळ वाढत गेलं, हजारो बायका त्यात आल्या.

प्रेमाताईंनी या बायकांसाठी अन्नाची पाकिटं गोळा केली नाहीत. ज्या बायका लोकांना जेवू घालतात त्यांना स्वस्त भांडवल मिळवून दिलं. भुकेच्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर मला आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या उत्तरांत सर्वात शहाणं वाटतं.

1982: ट्रकांचं गणित

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. या वेळीही लोक गावी गेले, भात लावलं, ऊस तोडला, रोजंदारी केली. या वेळीही गावाकडून धान्य आलं. शेतकऱ्यांनी दिलं, डाव्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलं, दुसऱ्या कारखान्यांतल्या कामगारांनी पगारातून वर्गणी दिली. गिरणगावात धान्यवाटप झालं.

आता एक साधा हिशोब करू, माझाच. अडीच लाख कुटुंबांना महिन्याला प्रत्येकी फक्त दहा किलो धान्य द्यायचं म्हटलं, तर 25 लाख किलो होतात. म्हणजे अडीच हजार टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर महिन्याला अडीचशे ट्रक. संप दीड वर्ष ताणला गेला असं धरलं तर साडेचार हजार ट्रक. आणि दहा किलोत चार-पाच माणसांचं घर महिनाभर जगत नाही, तेल, मीठ, रॉकेल, भाडं, शाळेची फी यांतलं काहीच या ट्रकांत नाही.

कितीही मनापासून गोळा केलं तरी स्वयंसेवकांचं अन्न या आकड्याला पुरं पडत नाही. ज्यांनी पोती वाहिली त्यांच्या कामाला यात कमीपणा नाही. सरकार आणि मालक दोघेही ठरवून गप्प बसले की पोत्यांवर लढाई जिंकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. विरत गेला. लाखभराहून जास्त माणसांची नोकरी परत आली नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 2004 साली गिरणगावातल्या लोकांच्या तोंडून हा सगळा इतिहास पुस्तकात आणला, म्हणून निदान ते आवाज तरी उरले.

1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, 2001 सालच्या बदलाने ती रुंद केली आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. मॉल आले, टॉवर आले, आणि आमच्यासारखे आले.

आता

2014 साली दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी मुंबईत पोचली. तरुण मुलं हॉटेलांतून उरलेलं अन्न उचलतात आणि वस्त्यांत नेतात. 2015 साली मुंबईच्या डबेवाल्यांनी रोटी बँक सुरू केली, लग्नाच्या जेवणावळीतलं राहिलेलं अन्न गरजूंपर्यंत न्यायचं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खानावळीचे डबे भरले असतील, त्यांच्याच जातकुळीतलं हे काम. पुढे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही रोटी बँक उभी केली. परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाहेर फुटपाथवर गावोगावचे नातेवाईक महिनोन् महिने राहतात, त्यांच्यापर्यंत यातलं पुष्कळ अन्न पोचतं. 26 जानेवारी 2020 ला राज्य सरकारने दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन आल्यावर तिची किंमत पाच रुपये केली.

संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात म्हटलंय की 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नापैकी सुमारे 19 टक्के. भारतात घरटी हिशोबात माणशी वर्षाला 55 किलोच्या आसपास. 2016 साली फ्रान्सने मोठ्या दुकानांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी घातली. ज्या देशात साडेचारशे वर्षांपूर्वी सरव्याला राजाज्ञेचा आधार होता, तिथे तो पुन्हा कायद्यात आला.

हे काम करणाऱ्यांना कमी लेखायचं माझ्या मनात नाही. मुंबईच्या दमट हवेत शिजलेलं अन्न काही तासांत आंबतं. तेवढ्या वेळात गाडी, माणूस, वस्ती, भांडी सगळं जुळवणं हे अवघड काम आहे, आणि जी मुलं शनिवारी रात्री पार्टी सोडून ते करतात त्यांच्यामुळे कोणीतरी जेवून झोपतं. फक्त आपण काय करतोय ते नीट नावाने ओळखावं. आपण सरवा वेचतोय. शेत आपलं नाही, पीक आपण ठरवत नाही, आणि शेतमालकाने उद्या चांगलं सॉफ्टवेअर लावून नेमकं तेवढंच शिजवलं तर सरवा संपेल. तो संपणं खरं तर चांगलंच, तसलं सॉफ्टवेअर लिहिणारे आमच्यातलेच आहेत. पण मग त्या रात्री वस्तीत काय जाणार?

म्हणून मूठ आणि वही यांच्याकडे परत बघावंसं वाटतं. मूठ म्हणजे जेवणाआधी काढलेला वाटा, महिन्याच्या पगारातून ठरवून, उरलं तर नव्हे. आणि वही म्हणजे जी माणसं आज या भागाला जेवू घालतात त्यांचा हिशोब. प्रत्येक ऑफिसच्या पॅन्ट्रीत कंत्राटावर काम करणारी मुलं असतात, सकाळी सातला येऊन आपल्यासाठी पोहे गरम करणारी. बहुतेकांचा डबा घरून येतो. आपण वरकड अन्नाचा फोटो काढून पाच किलोमीटरवरच्या वस्तीत पाठवतो, तेव्हा त्या अन्नाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला पगार वेळेवर मिळतो का, किमान वेतन मिळतं का, दुपारी ते अन्न खायची परवानगी आहे का, हे आपल्याला ठाऊक असतं का?

आमच्या मजल्यावर आम्ही काही जणांनी हे प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. जेवणाच्या परवानगीचं उत्तर लवकर मिळालं: अडीचनंतर पॅन्ट्रीतल्या मुलांनी आधी वाढून घ्यायचं, मग फोटो. पगाराच्या प्रश्नाचं उत्तर कंत्राटदाराकडे आहे असं सांगण्यात आलं. कंत्राटदाराला मेल गेला आहे, आणि त्याची आठवण दर सोमवारी पाठवायचं काम सध्या माझ्याकडे आहे.